चार बोटं उंच

“साहेब, टायर घेताय की सून बघताय?” टायरवाल्याने शेवटी न राहवून विचारलं.

रकानेसाहेब दुकानासमोर उकिडवे बसले होते. भिंतीला टेकवून तीन जातींचे टायर उभे होते आणि साहेब एकेकाच्या खोबणीत बोट घालून चाचपत होते. बोटाला काळं लागलं की रुमालाला पुसायचं, वहीत काहीतरी लिहायचं, पुढच्या टायराकडे सरकायचं. असा हा तिसरा दिवस. पहिल्या दिवशी टायरवाल्याने चहा मागवला होता, दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी विचारलं, आणि आज तो गिऱ्हाइकांच्या बाकावर सरळ आडवा झाला होता.

“सून एका बैठकीत पसंत केली होती,” साहेब मान वर न करता म्हणाले. “म्हणून तर आता सावध आहे.”

रकाने हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. रस्ते खात्याच्या वाहन डेपोत ते एकतीस वर्षं भांडारपाल होते, तिथे मिळालेली ती पदवी होती. कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन ठिकाणांहून पत्रं मागवायची आणि तुलनात्मक तक्ता करायचा, असा खात्याचा नियम होता. बाकीची मंडळी आधी वस्तू ठरवत आणि मग तिला शोभेल असा तक्ता आखत. साहेब आधी तक्ता करत. त्यात रकाने इतके, की कागदाला कागद चिकटवावा लागे. एकदा डेपोत झाडू घ्यायचे होते, तर ह्यांनी ‘मुठीची जाडी’ असा रकाना आखला. वरपासून खालपर्यंत सगळे पोट धरून हसले. पण त्या वर्षापासून झाडणाऱ्या बायकांच्या तळव्यांना फोड येईनासे झाले, आणि त्याचं श्रेय अर्थातच दुसऱ्याच कुणीतरी घेतलं.

निवृत्त झाल्यावर रकान्यांना काम उरलं नाही. घरातल्या घरात किती तुलना करणार? बादल्या झाल्या, पंखे झाले. दोन वर्षांपूर्वी बायको न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याला मार बसला, तेव्हा तीन डॉक्टरांचा तक्ता झाला. ती चालू-फिरू लागली, तसं साहेबांनी त्या पानावर ‘निकाली’ असा शेरा मारला आणि वही मिटली.

आता वही पुन्हा उघडली होती ती ताईंमुळे. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून पुढे अठरा किलोमीटरवर, डोंगरमाथ्यावरच्या दगडखाणीच्या वस्तीत त्यांनी आयुष्यभर शाळा चालवली. खाण बंद पडली, मग शाळाही बंद पडली. ताई मात्र तिथेच राहिल्या. दोघी बहिणींचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. कारण काय, तर आईचं शिवणयंत्र. ते धाकटीला मिळायचं असं आई म्हणून गेली होती, आणि ताईंनी ते वस्तीतल्या एका बाईला परस्पर देऊन टाकलं. एवढ्याशा गोष्टीवरून एवढा मोठा अबोला, असं साहेबांना वाटे. पण बहिणींच्या भांडणात पडणाऱ्या नवऱ्याला दोन्हीकडून बोलणी बसतात, हे ओळखून ते गप्प राहिले होते.

गेल्या महिन्यात ताईंचा फोन आला. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांना हलवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेजारणीने फोन कानाशी धरला होता. ताई इतकंच म्हणाल्या, “एकदा येऊन जा. बोलायचं असं काही नाही. नुसती ये.” बायकोने फोन ठेवला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला, आणि मग विचारलं, “कधी जायचं?”

दुसऱ्याच दिवशी ते निघाले होते. डेपोतून निवृत्त झालेली एक जुनी जीप साहेबांकडे होती. दोघे निवृत्त एकमेकांना सांभाळून घेत. पण तिचे टायर डांबरी रस्त्याचे, त्यात घासून गुळगुळीत झालेले. मुरूम निभावला, ओढा निभावला, आणि अकराव्या किलोमीटरला चिकणमातीत जीप जी बसली, ती ट्रॅक्टरनेच बाहेर ओढली. परतीच्या वाटेवर बायको समोर बघत बसली होती. काही बोलली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर साहेबांनी वही काढली.

“हे बघा,” टायरवाला उठून बसला. दुकान बंद करायच्या आत हा माणूस मार्गी लागावा, अशी त्याची इच्छा होती. “हा रस्त्याचा टायर म्हणजे कारकून. गुळगुळीत, नीटनेटका. चिखल दिसला की रजेवर. हा चिखलाचा म्हणजे पहिलवान. मातीत शोभतो, घरात आला की जमीन हादरवतो. डांबरावर असा घुमेल की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही.”

“आणि हा?”

“हा ऑल टेरेन. संसारी माणूस. सगळीकडचं थोडं थोडं सांभाळतो आणि कुणाच्याच मनात पुरता भरत नाही.”

साहेब पहिल्यांदा हसले. तक्त्याचं उत्तरही तेच आलं होतं. नक्षीची खोली, खोबणीतून माती आपोआप सुटून पडते की साचते, बाजूच्या भिंतीची जाडी, ओल्या दगडावरची पकड, आवाज: अकरा रकाने भरून झाले होते. प्रश्न फक्त मापाचा उरला होता. ओढ्यातला एक दगड गाडीच्या पोटाला लागतो, म्हणून साहेबांना टायर दोन नंबर मोठा हवा होता.

टायरवाल्याने मान हलवली. एवढा मोठा घातला तर वळताना मडगार्डला घासेल, स्प्रिंगच्या पाट्यांवर ठोकळे टाकून गाडी उचलावी लागेल, म्हणजे टायर आणि ठोकळे मिळून चांगली चार बोटं वर जाईल, असं त्याने समजावलं.

“तेच तर हवंय,” साहेब म्हणाले.

“बसणार कोण कोण?”

“मी आणि घरचं माणूस.” साहेबांनी वहीत बघून बायकोचं वजन सांगितलं.

“वहिनींना माहीत आहे का, त्यांचं वजन तुम्ही टायरच्या दुकानात सांगत फिरता ते?” टायरवाला म्हणाला आणि पाना घेऊन कामाला लागला.

संध्याकाळी जीप गल्लीत शिरली ती छाती काढूनच. टायर असे काळेभोर आणि दातेरी होते की पोरांनी त्यांना हात लावून बघितले, समोरच्या शिंप्याने काम सोडून चौकशी केली, आणि साहेबांनी प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. इतका मान त्यांना निरोप समारंभातही मिळाला नव्हता. बायको हात पुसत बाहेर आली. तिने टायर बघितले. मग तिने गाडीच्या दाराकडे बघितलं.

“उंच झाली,” ती म्हणाली.

“व्हायलाच हवी,” साहेब म्हणाले, आणि ओढ्यातला दगड, गाडीचं पोट आणि मधलं अंतर हा विषय त्यांनी दहा मिनिटं समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “छान झालं. तुम्ही दमला असाल.”

रविवारी जायचं ठरलं. रविवारी सकाळी बायकोचं डोकं दुखायला लागलं. पुढच्या रविवारी तिला मावसबहिणीकडे जाऊन यायचं होतं, आणि मावसबहीण तर आठ घरं सोडून राहत होती. तिसऱ्या रविवारी साहेब गाडीत पाणी घालून, चाकांतली हवा तपासून, आरसा पुसून तयार झाले, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली की तिला गाडी लागते, एवढा खडकाळ रस्ता सोसणार नाही, पुढच्या महिन्यात बघू.

साहेब एरवी आवाज चढवणारे नव्हते. डेपोत कुणी खोटं पत्र पुढे सरकवलं तरी ते फक्त चष्मा काढून ठेवत. त्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा काढला नाही. “मी हे कुणासाठी केलं?”

“मी कुठे म्हटलं होतं करा म्हणून?”

“ती बाई मरायला टेकलीय. सहा वर्षं झाली. एका शिवणयंत्रासाठी माणसाने किती दिवस मनात धरावं?”

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. काहीतरी तिच्या ओठावर आलं आणि तिने ते गिळलं. “तसं समजा,” ती म्हणाली आणि आत गेली.

साहेबांनी तसंच समजलं. रिकामा रकाना त्यांना बघवत नसे, आणि कारण सापडलं नाही तर समोर दिसेल ते भरून मोकळं व्हायचं, हा दोष एकतीस वर्षांत त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आला नव्हता. ते रागाच्या भरात एकटेच निघाले.

टायरांनी मात्र नाव ठेवायला जागा ठेवली नाही. मुरुमावर गाडी सुतासारखी चालली. ओढ्यातला तो दगड कुठे गेला ते कळलंही नाही. अकराव्या किलोमीटरची चिकणमाती टायरांनी कापत नेली; खोबणीत भरलेली माती पुढच्याच वळणावर ढेकळांनी सुटून पडत होती, अगदी वहीत लिहिल्याप्रमाणे. शेवटच्या सुट्या दगडांच्या चढावर चाकं एकदाही घसरली नाहीत. शेजारची जागा रिकामी होती आणि साहेबांचा राग प्रत्येक चढाबरोबर वाढत होता, कारण एवढं सगळं बरोबर आलं होतं आणि ते बघायला कुणी नव्हतं.

ताई खिडकीखालच्या खाटेवर होत्या. अंगावरच्या चादरीखाली माणूस आहे की नाही अशी शंका यावी, इतक्या उरल्या होत्या. शेजारीण त्यांना चमच्याने पाणी पाजत होती. ताईंनी साहेबांना ओळखलं, मग त्यांच्या मागे दाराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“ती गाडीत आहे का?”

तब्येत बरी नाही म्हणता आलं असतं. पाहुणे आलेत म्हणता आलं असतं. बायकांच्या बाजूने दोन शब्द खोटं बोलणं हे जगातल्या सगळ्या नवऱ्यांना येतं. पण साहेबांच्या अंगात अठरा किलोमीटरचा राग होता.

“तिला यायचंच नव्हतं, ताई,” ते म्हणाले. “मी फार सांगून बघितलं.”

शेजारणीचा चमचा वाटीत थांबला. ताईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या, “तिला रागावू नका. चूक माझी होती.” मग त्यांनी रस्ता कसा होता ते विचारलं, आणि साहेबांनी सांगितलं की टायर चांगले निघाले.

घरी आल्यावर बायकोने ताई कशी आहे ते विचारलं, आणखी काही विचारलं नाही. साहेबांनीही काही सांगितलं नाही. दोघांनी नऊ दिवस फक्त कामापुरतं बोलून काढले. दहाव्या दिवशी सकाळी, चहाचे कप अजून ओट्यावरच असताना, शेजारणीचा फोन आला. ताई पहाटे गेल्या होत्या. दुपारी न्यायचं होतं; येणार असाल तर थांबू, असं ती म्हणाली.

“येतोय,” बायको म्हणाली.

साहेब नेहमीप्रमाणे पुढच्या चाकाशी बसून हवा बघू लागले. आजवर शेकडो वेळा ते दोघे त्या जीपने गेले होते, आणि दर वेळी बायको गाडीत चढायची तेव्हा साहेब चाकांच्या हवेत गुंतलेले असायचे. ती कशी चढते ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आज हवेचा काटा हातातून निसटून गाडीखाली गेला, म्हणून ते जमिनीवर वाकले, आणि चाकाच्या पलीकडे त्यांना तिचे पाय दिसले.

उजवा पाय उचलला गेला आणि वीतभर वर जाऊन थांबला. सगळा भार पेलणारा डावा पाय थरथरत होता. उजवा खाली आला. मग तिने दोन्ही हातांनी मांडीखाली धरून पाय उचलला, एखादी जड पिशवी उचलावी तसा. टाच दाराच्या कडेपर्यंत पोचली आणि घसरली. तिने पुन्हा उचलला. पुन्हा घसरला. मग दोन्ही पाय जमिनीवर शेजारी शेजारी उभे राहिले, आणि बराच वेळ काहीच झालं नाही.

“अहो,” ती म्हणाली, “आतून ते लाकडी स्टूल आणता का?”

साहेब उठले. गाडीला वळसा घालून तिच्यासमोर आले तेव्हा ती नजर चुकवून दाराच्या मुठीकडे बघत होती. मूठ पकडायच्या जागेवरचा रंग ताजा घासलेला होता. खालच्या कडेला चपलेचे ओरखडे होते, दहा-वीस तरी.

“हे कधीचे?”

“दुपारचे,” ती म्हणाली. “तुम्ही झोपलात की रोज करून बघायची. वाटलं, सवयीने जमेल. चार बोटांचा तर फरक होता. आधीची कशीबशी जमायची.”

“मला सांगायचं होतंस.”

“गल्लीभर दाखवत होतात तुम्ही. शिंप्यालासुद्धा किती वेळ सांगितलंत. इतक्या वर्षांनी खुशीत दिसलात. आणि म्हटलं, स्टूल घेऊन गाडीत चढणारी म्हातारी कधी झाले मी. आज नाही तर उद्या जमेल. ताई काय, पळून थोडीच जातेय.”

साहेब आत गेले आणि स्टूल घेऊन आले. तिच्या पायापाशी ठेवलं, वर चढेपर्यंत तिचा दंड धरून उभे राहिले. तिचा दंड किती बारीक झालाय हेही त्यांना आजच कळलं. स्टूल मागे टाकून ते स्टिअरिंगपाशी बसले आणि हवा न बघताच त्यांनी गाडी चालू केली.

डांबर संपलं. मुरूम आला, ओढा आला. गाडी मुकाट चालत होती. अकराव्या किलोमीटरला ती म्हणाली, “इथेच रुतलो होतो ना,” आणि ते “हं” म्हणाले. पुढच्या वळणावर तिने विचारलं, “तुम्ही गेलात तेव्हा ताईने विचारलं का हो माझ्याबद्दल?”

एकतीस वर्षांत साहेबांनी एकही खोटी नोंद केली नव्हती. भल्याभल्यांनी दटावून बघितलं होतं, गोड बोलून बघितलं होतं.

“विचारलं,” ते म्हणाले. “मी सांगितलं, तिचा पाय फार दुखतोय. बरा झाला की घेऊन येतो.”

“बरं केलंत.” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मला तीच भीती होती. तिला वाटायचं, मी अजून धरून बसलेय. त्या यंत्राचं तर मला नंतर काही वाटतही नव्हतं. त्या बाईने त्यावर चार पोरांना मोठं केलं म्हणे.”

शेवटचा चढ साहेबांनी पहिल्या गिअरमध्ये चढवला. चाकांखाली दगड सरकत होते, पण गाडीला धक्का बसला नाही.

वस्तीत ताईंच्या घरासमोर माणसं उभी होती. साहेबांनी उतरून स्टूल मांडलं, बायकोला उतरवलं. शेजारीण दारातून पुढे आली. साहेबांना बघताच तिचे ओठ घट्ट मिटले. बायकोने तिचे दोन्ही हात धरले.

“पायामुळे येता आलं नाही हो मला. रोज निघायचं म्हणत होते. यांनी ताईला सांगितलंच असेल, तुम्ही होता ना तिथे?”

शेजारणीने बायकोच्या पायाकडे बघितलं. मग स्टुलाकडे बघितलं, मग त्या उंच दारावरच्या ओरखड्यांकडे. साहेबांकडे तिने एकदाच बघितलं, आणि त्या नजरेखाली त्यांना आपला चष्मा कुठे ठेवावा ते समजेना.

“हो,” शेजारीण म्हणाली. “सांगितलं होतं त्यांनी. ताईंनी ऐकलं.”

आणि ती बायकोला हाताला धरून हळूहळू आत घेऊन गेली. उंबऱ्यापाशी दोघी थांबल्या, शेजारणीने आधी आपला पाय टाकला आणि मग तिला आधार दिला. थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. चाळीस वर्षांच्या संसारात हा आवाज साहेबांनी कधी ऐकला नव्हता, म्हणून तो कुणाचा ते ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला.

एकाने त्यांना बसायला जागा करून दिली. दुसऱ्याने, काहीतरी बोलायचं म्हणून, टायर नवे दिसतात, कुठले घेतले, असं विचारलं. साहेबांनी मान हलवली, पण सांगितलं काहीच नाही. ते जीपच्या डाव्या दारापाशी गेले. तिथली जमीन खडबडीत होती आणि स्टुलाचा एक पाय अधांतरी राहत होता. त्यांनी आजूबाजूला शोधून एक चपटा दगड आणला, त्या पायाखाली सारला, हाताने दाबून बघितलं. जरा डुगडुगलं, म्हणून दगड काढून दुसरा लावला. मग स्टुलाच्या दोन्ही कडा धरून ते तिथेच वाकून उभे राहिले. ती बाहेर यायला अजून बराच वेळ होता.